विजेच्या धोरणात आयाबहिणींचा आवाज

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आज आपण गुणवंत मुलामुलींचे कौतुक केले. त्यानंतर मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी निवडलेला विषय शाळेच्या समारंभात काहींना परका वाटण्याचा संभव आहे. वीज, गॅस, सरपण आणि सूर्यशक्ती यांच्याबद्दल सरकार जी धोरणे ठरवते, त्यांत आपल्या आयाबहिणींचे म्हणणे कसे पोहोचेल, आणि त्यासाठी भिवंडीने इतर शहरांशी कसे जोडून घ्यावे, हा तो विषय होय. हल्ली 'शाश्वत ऊर्जा' हा शब्द सारखा कानावर येतो. जी ऊर्जा आज आपल्याला पुरेल, हवा नासवणार नाही आणि नातवंडांसाठीही शिल्लक राहील, ती शाश्वत ऊर्जा, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे.

भिवंडीला विजेचे महत्त्व कोणी शिकवायला नको. लाखांनी मोजावेत इतके यंत्रमाग या शहरात चालले. मंदीमुळे अलीकडे पुष्कळ माग बंद पडले आणि त्यांच्या जागी गोदामे उभी राहिली, तरी आजही वीज गेली की आधी मागाचा खडखडाट थांबतो आणि मग बाकीचे लक्षात येते. २००७ च्या जानेवारीत येथील वीज वितरणाचे काम महावितरणने टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपवले. अशी व्यवस्था देशात प्रथम भिवंडीत झाली, म्हणून बाहेरगावचे अभ्यासकही आपल्या शहराचा दाखला देतात. त्या आधीची दीर्घ भारनियमनाची वर्षे येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असतील.

या सगळ्या काळात मागवाल्यांनी आपले म्हणणे सातत्याने मांडले. त्यांच्या संघटना आहेत. निवेदने दिली जातात, मोर्चे निघतात, शिष्टमंडळे मंत्रालयात जातात. यंत्रमागाला वीजदरात सवलत मिळाली आहे आणि ती टिकावी म्हणून मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, विटे येथील मागवाले एकमेकांशी संपर्क ठेवून असतात. हे योग्यच आहे. मागावर लाखो लोकांची रोजी अवलंबून आहे. पण त्याच तारेतून येणारी वीज घरातही वापरली जाते, आणि घरातल्या विजेच्या वतीने कोण बोलते? ती वीज जी बाई सर्वांत अधिक जाणते, तिला आजवर कोणी विचारले आहे काय?

तिला काय ठाऊक असते, याची थोडी उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण वेळेचे. वर्षभरात ग्राहकाची वीज सरासरी किती वेळा आणि किती वेळ गेली, याचे आकडे वीज कंपन्या ठेवतात. सरासरीच्या हिशेबात प्रत्येक तास सारखा असतो. घरात मात्र तसे नसते. दुपारी दोन वाजता अर्धा तास वीज गेली तर फार बिघडत नाही. तोच अर्धा तास मगरिबच्या सुमारास गेला तर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि तान्ह्याचा पाळणा सारेच अडते. रमजानमध्ये तर घराचे घड्याळच बदलते. पहाटे सहेरीसाठी बाई तीन-साडेतीनला उठते, तेव्हा बाकी शहराच्या दृष्टीने ती मध्यरात्र असते. पाण्याचेही असेच. नळाला पाणी यायची वेळ आणि वीज जायची वेळ एक झाली की इमारतीची मोटर चालत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर हंडे कोण चढवते, हे मी सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण बिलाचे. घरगुती वीजदराचे टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून जास्त, आणि पुढे वाढत जातो. गरिबाला दिलासा मिळावा हा हेतू त्यामागे आहे. आता गणिताच्या तासाला घालतो तसे एक उदाहरण घ्या. दोन भावांचे बारा माणसांचे एकत्र कुटुंब एका मीटरवर महिन्याला २८० युनिटे वापरते. त्यांना १०० युनिटे स्वस्त दराने आणि १८० युनिटे महाग दराने पडतात. हीच दोन कुटुंबे दोन मीटरवर १४०-१४० युनिटे वापरती, तर २०० युनिटे स्वस्त दराने आणि फक्त ८० महाग दराने पडली असती. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार वेगळा भरावा लागेल हे खरे. तरीही मीटरमागे माणसे किती, हे हा टप्पा विचारत नाही. एका मीटरवर तीन-चार खोल्यांचे भाडेकरू असले तर तेच होते. महिनाअखेर डब्यातले पैसे मोजणाऱ्या बाईला हे कळते, परंतु ती ते कोठे सांगणार?

तिसरे उदाहरण कामाचे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले हजारो कामगार आपल्या शहरात बिसीत जेवतात. भिशी म्हणजे पैसे जमवण्याची पद्धत. ही बिसी म्हणजे कामगारांची खानावळ. पुष्कळ बिसी बाया चालवतात. दोन्ही वेळा मोठमोठी पातेली, उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली आणि समोर भट्टी. या बाईला धंदेवाईक म्हणून १९ किलोची टाकी घ्यावी लागते. ती परवडत नाही म्हणून कोठे लाकूड जळते, कोठे चिंध्या. मागाच्या विजेला सवलत मिळते, पण माग चालवणाऱ्याची भाकरी ज्या आगीवर होते तिच्याकडे धोरणाचे लक्ष जात नाही.

त्याच्याच बाजूला एक उपयोगी माहिती देतो. घरच्या एका भागात शिवणकामासारखा लहान धंदा करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या आत असेल, तर त्याला घरगुती दरच लावावा, अशी तरतूद वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत चालत आलेली आहे. आपल्या मोहल्ल्यांत घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या किती भगिनींना हे ठाऊक आहे? हक्क कागदावर असून माहिती नसेल तर तो नसल्यातच जमा असतो.

हे दर ठरतात कोठे, तेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. वीज कंपनीला दर बदलायचे असतील तर तिला आयोगाकडे अर्ज करावा लागतो. त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत द्यावी लागते. कोणाही नागरिकाला ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घेता येते, ती मराठीतही चालते. त्यानंतर जनसुनावणी होते आणि कोणी काय म्हटले, त्याची नोंद आयोगाच्या आदेशात छापली जाते. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने आणि मुंबई ग्राहक पंचायतीने अशा सुनावण्यांत वर्षानुवर्षे अभ्यासपूर्वक मुद्दे मांडले आहेत. उद्योगांच्या संघटनाही वकील आणि तज्ज्ञ घेऊन येतात. दरवाजा सर्वांना उघडा आहे. तरीही स्वयंपाकघराच्या वतीने, घरच्या वेळापत्रकाचा हिशेब घेऊन बोलायला उभे राहणारे फार थोडे.

आणि आता ही अनुपस्थिती अधिक महाग पडणार आहे. २०२३ साली केंद्र सरकारने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार स्मार्ट मीटर बसलेल्या घरांनाही दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावण्याचे तत्त्व आले. उन्हाच्या तासांत सौर वीज भरपूर असते, म्हणून तेव्हा स्वस्त. मागणीच्या ऐन वेळी महाग. शाश्वत ऊर्जेच्या दृष्टीने कल्पना चांगली आहे. परंतु संध्याकाळची मागणी ही बहुतांशी घरांची मागणी असते. कपडे धुण्याचे यंत्र दुपारी लावता येईल; इफ्तार दुपारी करता येणार नाही आणि दहावीचा अभ्यासही सगळा उन्हात होणार नाही. कोणते काम पुढेमागे ढकलता येते आणि कोणते येत नाही, हे घर चालवणाऱ्या बाईखेरीज दुसरे कोण सांगू शकेल?

छपराच्या सौर योजनेचेही तसेच आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे. ज्याचे स्वतःचे पक्के छप्पर आहे, त्याने जरूर लाभ घ्यावा. पण चाळीत पत्र्याखाली भाड्याने राहणाऱ्या बाईने काय करावे? तिच्या डोक्यावर ऊन तर सर्वांत जास्त आहे. तिच्यासाठी दुसरा मार्ग काढावा लागेल, आणि तिने मागितल्याखेरीज तो निघण्याची शक्यता कमी.

बाईला न विचारता केलेल्या योजनेचे काय होते, याचा धडा आपल्या देशाने एकदा घेतला आहे. १९८१ च्या सुमारास कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बाया किती धूर श्वासावाटे घेतात ते मोजले, आणि तो आकडा पाहून शास्त्रज्ञ चकित झाले. १९८३ मध्ये सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लाखो चुली बांधल्या गेल्या, पण त्यांतल्या पुष्कळ थोड्याच काळात मोडल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. २००२ साली कार्यक्रम बंद झाला. भाकरी कशी भाजतात, भांडे केवढे असते, लाकूड किती ओले असते आणि धुराडे कोण साफ करणार, हे प्रश्न चुलीपुढे बसणारीला अगोदर विचारले गेले असते, तर निकाल निराळा लागला असता.

पुढे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरातील स्त्रीच्या नावाने गॅस जोडणी देण्यात आली. जोडणी बाईच्या नावाने, ही फार मोठी गोष्ट झाली. २०२४ साली राज्याने वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना जाहीर केली, तेव्हा जोडणी स्त्रीच्या नावे असण्याची अट होती. नाव कागदावर असण्याचे मोल त्या वेळी घराघरांत कळले. तरीही टाकी संपल्यावर दुसरी भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली. त्यांत पाच वर्षांच्या आतील सव्वादोन लाखांहून अधिक मुले होती. धूर हा गरिबाच्या घरातला आजार आहे आणि तो प्रथम आईला आणि तिच्या मांडीवरच्या मुलाला गाठतो.

बाया एकत्र आल्या तर काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. १९७२ पासून मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाईविरुद्ध एकत्र आल्या. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या मागण्यांत धान्याबरोबर रॉकेलही होते. स्वयंपाकाचे इंधन हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे त्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने खेड्यांतल्या बायांना घरबांधणीच्या कामात गावाच्या प्रतिनिधी म्हणून पुढे आणले. तेथून सुरू झालेले बायांचे जाळे पुढे ऊर्जेकडे वळले. हजाराहून अधिक स्त्रिया सौर दिवे आणि कमी धुराच्या चुली विकू लागल्या, दुरुस्तीची व्यवस्था पाहू लागल्या आणि घरोघरच्या तक्रारी कंपन्यांपर्यंत नेऊ लागल्या. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक कार्यालयाने या कामाचा गौरव केला. जगाच्या पातळीवरही १९९५ पासून 'एनर्जिया' नावाचे जाळे स्त्रिया आणि ऊर्जा या एकाच विषयावर आशिया-आफ्रिकेतील देशांत काम करीत आहे. त्या सर्वांचा अनुभव सारखा आहे. एकटी बाई बोलली तर ती तिच्या घरची कटकट ठरते. दहा गावांच्या बाया तीच गोष्ट नोंदीसह सांगू लागल्या, की अधिकाऱ्याला कागद उघडावा लागतो.

आपल्यापैकी काही वडीलधारी म्हणतील, "मास्तर, हे ठीक आहे, पण आमच्या घरच्या बायांनी कचेऱ्या आणि सुनावण्या का कराव्यात?" त्यांना मी आदरपूर्वक दोन गोष्टींचे स्मरण देतो. हुदैबियाच्या तहानंतर सहाबा खिन्न होऊन बसले होते, कोणी उठेना. त्या अवघड वेळी हजरत उम्मे सलमा यांनी सल्ला दिला, प्रेषितांनी (स.) तो मानला आणि पेच सुटला. दुसरी गोष्ट हजरत खौला यांची. नवऱ्याने जुन्या रूढीप्रमाणे केलेल्या अन्यायाची तक्रार घेऊन त्या प्रेषितांकडे (स.) आल्या आणि आपले म्हणणे त्यांनी नेटाने मांडले. कुरआन शरीफची ५८ वी सूरत, अल-मुजादला, हिचे नावच त्या दाद मागणाऱ्या स्त्रीवरून आले आहे. जेथे एका बाईची तक्रार ऐकली गेली, तेथे आपण मीटरच्या आणि चुलीच्या तक्रारीला संकोच का मानावा?

आता जोडून घेण्याविषयी. आपल्या शहराला ही विद्या नवी नाही. १९८४ च्या दंगलीच्या जखमा ताज्या असताना, १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या. शेजारी शेजाऱ्याशी बोलू लागला, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. इतक्या कठीण प्रश्नावर मोहल्ल्यामोहल्ल्यांतून जाळे विणणाऱ्या शहराला विजेच्या प्रश्नावर ते विणता येऊ नये काय?

हे जाळे शहरापुरते ठेवूनही चालणार नाही. भिवंडीत जी वितरण व्यवस्था २००७ मध्ये आली, तशीच २०२० च्या मार्चमध्ये कळवा-मुंब्रा-शीळ भागात आणि मालेगावातही सुरू झाली. आपल्या कित्येक मुली मुंब्र्याला आणि मालेगावला सासरी आहेत, तिकडच्या सुना इकडे आहेत. प्रश्न सारखेच, नात्याचे धागेही तयार आहेत. इचलकरंजी आणि सोलापूर येथील मागकामगारांच्या घरांतही वेगळे काही घडत नसणार. शहापूर, वाडा, मुरबाड येथील आदिवासी भगिनींचा सरपणाचा प्रश्न निराळा दिसतो, पण धूर तोच आहे. मागवाल्यांनी जसे शहर शहराला जोडले, तसे बायांनी जोडावे, एवढीच माझी विनंती आहे.

प्रारंभ अगदी लहान असावा. प्रत्येक घरात एक वही ठेवा. वीज केव्हा गेली, केव्हा आली आणि त्या वेळी कोणते काम अडले, ते लिहा. गॅसची टाकी किती दिवस पुरली, मधे चूल पेटली का, बिलात युनिटे किती, मीटरमागे माणसे किती, याची नोंद करा. आईला लिहिता येत नसेल तर आठवी-नववीतल्या मुलीने तिच्या सांगण्याप्रमाणे लिहावे. तीन महिन्यांनी एका गल्लीतल्या वह्या एकत्र बसून पाहाव्यात. मग तक्रारीचे काम सोपे होते, कारण तारीख आणि वेळ हाताशी असते. कंपनीकडे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास भरपाईचीही तरतूद आहे. पुढच्या दरवाढीची सूचना वर्तमानपत्रात येईल, तेव्हा या वह्यांतून काढलेली दोन पानांची हरकत भिवंडी, मुंब्रा आणि मालेगाव येथील भगिनींच्या सह्यांनी आयोगाकडे जावी. बचत गटांच्या बैठकी आहेत, शाळेच्या माता-पालक सभा आहेत; त्यासाठी नवी कचेरी उघडण्याची आवश्यकता नाही.

विद्यार्थिनींनो, तुम्ही शतमान शिकता, आलेख काढता, अर्जाचा मसुदा लिहिता. हे परीक्षेपुरते आहे असे समजू नका. बिलाच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर आईला वाचून दाखवा आणि तिचे म्हणणे शुद्ध मराठीत उतरवून द्या. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही यात मागे राहू नका. स्वयंपाकघरातला हिशेब मुलग्यांना कळला तर घराचे भलेच होईल. पालकांना मी एवढेच सांगेन, की मुलीला दहावीनंतर घरी बसवाल, तर ही वही लिहिणारा हातही थांबेल. उद्या वीज कंपनीत, आयोगात, अभियांत्रिकीच्या वर्गात आपल्या मुली असल्या पाहिजेत. तोवर त्यांच्या आयांचे म्हणणे तेथे लेखी तरी पोहोचावे.

वहीचे पहिले पान याच आठवड्यात लिहिले जावे, अशी अपेक्षा व्यक्त करतो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.